सूळ, सुळी आणि फाशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातील एका देवळाच्या उत्सवी नाटकाची तालीम चालू होती. संहितेत राजाच्या तोंडी वाक्य होते, "याला उद्या सूर्योदयी सुळी द्या." रंगमंचाची मांडणी करणाऱ्या मुलांनी मागच्या बाजूला दोन बांबू उभे करून त्यांवर आडवा वासा बांधला आणि वाशाला सुंभाचा फास अडकवला. मांडवात बसलेल्या एका आजोबांनी तालीम थांबवून सांगितले की हा सूळ नव्हे. त्या संध्याकाळपासून या शब्दाविषयी मला सतत प्रश्न येत राहिले. त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सूळ म्हणजे फाशीच ना?

नाही. सूळ म्हणजे जमिनीत उभा रोवलेला, वरचे टोक तासून अणकुचीदार केलेला लाकडी किंवा लोखंडी खांब. देहान्ताची शिक्षा झालेल्या माणसाला या टोकावर चढवीत असत आणि तो टोकाने विद्ध होऊन मरत असे. फाशीत गळ्याभोवती दोरीचा फास असतो आणि माणूस आडव्या तुळईखाली लटकतो. सुळावर माणूस टोकाच्या वर असतो, फाशीत तो दोरीच्या खाली असतो. दोन्ही शिक्षांचा शेवट एकच असला तरी साधने वेगळी आहेत आणि त्यांना नावे देणारे शब्दही वेगवेगळ्या मुळांतून आले आहेत.

२. मग पुष्कळ ठिकाणी 'सुळी देणे' याचा अर्थ 'फाशी देणे' असा का दिलेला असतो?

शिक्षेचा प्रकार बदलला, पण जुना शब्द लोकांच्या तोंडी राहिला, हे त्याचे कारण आहे. ब्रिटिश अमलात आणि त्यानंतर देहान्ताची शिक्षा म्हणजे फाशी हे समीकरण पक्के झाले. प्रत्यक्ष सूळ पाहिलेला माणूस उरला नाही. त्यामुळे 'सुळावर जाणे' हा शब्दप्रयोग 'सरकारी शिक्षेने मरणे' एवढ्या व्यापक अर्थाने वापरला जाऊ लागला आणि त्या अर्थाने तो फाशीलाही लागू झाला. हिंदीतल्या 'सूली'चेही असेच झाले आहे.

म्हणून आजच्या लेखनात कोणी 'सुळावर चढवले' असे लाक्षणिक अर्थाने म्हटले, तर त्याला चूक म्हणता येणार नाही. मात्र जुना मजकूर वाचताना तिथे दोरी आहे असे गृहीत धरले की चित्र पार बदलते. कोशात 'फाशी' हा अर्थ दिला असेल, तर तो नंतरचा अर्थ आहे असे समजून मूळ अर्थ त्याच्याआधी लक्षात घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

३. हा शब्द आला कुठून?

संस्कृतातील 'शूल' या शब्दापासून. शूल म्हणजे टोकदार शस्त्र, भाला, मांस भाजण्याची सळई आणि अपराध्याला चढवण्याचा खांबही. शंकराच्या हातातील त्रिशूल म्हणजे तीन टोकांचे शस्त्र, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

शूलाचा सूळ होताना दोन बदल झाले आणि दोन्ही मराठीच्या नेहमीच्या वळणाचे आहेत. पहिला बदल म्हणजे 'श'चा 'स' झाला. शूर्पापासून सूप आणि शुष्कापासून सुका हे शब्द याच वाटेने आले आहेत. दुसरा बदल म्हणजे दोन स्वरांमधील 'ल'चा 'ळ' झाला, जसे फल आणि फळ, काल आणि काळ, जल आणि जळ. तांदूळ पाखडताना हातात धरलेले सूप आणि अपराध्यासाठी रोवलेला सूळ या दोन शब्दांनी ध्वनिबदलाची एकच वाट चालली आहे, हे एकदा ध्यानात आले की व्युत्पत्ती विसरत नाही.

४. पोटशूळ, कपाळशूळ यांतील शूळ हाच का?

हाच. टोचणारे शस्त्र आणि टोचल्यासारखी वेदना या दोन्हींना संस्कृतात शूल म्हणतात आणि आयुर्वेदात तर शूल हे वेदनेचे नावच आहे. मराठीने या एका शब्दाची दोन रूपे ठेवली. वेदनेसाठी संस्कृताच्या जवळचे 'शूळ' राहिले आणि खांबासाठी 'सूळ' हे घडलेले रूप रूढ झाले. दुसऱ्याचे बरे झालेले पाहून एखाद्याला 'पोटशूळ उठतो' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या मत्सराला आपण नकळत टोक देत असतो.

५. सुळाच्या शिक्षेचे जुने उल्लेख कुठे सापडतात?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात देहान्ताच्या शिक्षांचे वेगळे प्रकरण आहे. तिथे यातना न देता केलेला तो शुद्ध वध आणि यातना देऊन केलेला तो चित्र वध, असा भेद केला आहे. वाटमारी करणारे, तसेच राजाचे हत्ती, घोडे किंवा रथ यांना इजा करणारे अथवा ते चोरणारे, यांना शूलावर चढवावे असे तिथे सांगितले आहे. अपराधांच्या या यादीवरून एक गोष्ट स्पष्ट होते : सूळ ही राजसत्तेला आव्हान देणाऱ्यांसाठी आणि रस्त्यावरील भयासाठी राखलेली शिक्षा होती आणि ती लोकांनी पाहावी असा तिचा हेतू होता.

दुसरा उल्लेख शूद्रकाच्या मृच्छकटिकातला. देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी प्रेक्षकाला ही कथा परिचित आहे आणि गोव्यात नाट्यसंगीतावर जीव टाकणाऱ्यांना तर अधिकच. संस्कृत नाटकाच्या दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्थानाकडे नेत असताना तो स्वतःचे वर्णन करतो : गळ्यात कण्हेरीची माळ, खांद्यावर शूल आणि हृदयात शोक. अपराध्याने आपला सूळ आपल्याच खांद्यावर वाहून न्यायचा, ही प्रथा त्या एका ओळीतून दिसते. ज्या माणसाच्या खांद्यावर हे लाकूड आहे तो निरपराध आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. म्हणूनच तो प्रवेश वाचताना आजही गळा दाटतो. प्रश्न ११ मध्ये याच्याशी जुळणारी एक गोष्ट येईल.

६. सुळावरून जिवंत परतलेला कोणी आहे का?

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला आणि तेही तिथेच दडले. पाठलाग करीत आलेल्या राजपुरुषांनी विचारले तेव्हा मांडव्य मौनव्रतात होते, त्यामुळे ते काहीच बोलले नाहीत. माल सापडला, संशय आला आणि चोरांबरोबर त्यांनाही शूलावर चढवण्यात आले. तपाच्या बळावर ते जिवंत राहिले. राजाला सत्य कळल्यावर त्याने क्षमा मागून त्यांना खाली उतरवले, पण शूल बाहेर निघेना, म्हणून तो कापावा लागला आणि त्याचे टोक शरीरातच राहिले. टोकाला संस्कृतात अणी म्हणतात, म्हणून त्यांचे नाव अणीमांडव्य पडले. आपल्या 'अणकुचीदार' शब्दात हीच अणी आहे.

पुढे मांडव्यांनी यमधर्माला जाब विचारला. लहानपणी किड्यांना काडी टोचल्याचे हे फळ आहे, असे उत्तर मिळाल्यावर अपराधाच्या मानाने शिक्षा भयंकर मोठी आहे, असे सांगून त्यांनी धर्माला शाप दिला आणि धर्म विदुराच्या रूपाने जन्माला आला. शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असावी, हा विचार महाभारताने सुळाच्या टोकावर बसलेल्या माणसाच्या तोंडी घातला आहे, याचे मला फार मोल वाटते.

७. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण मांडव्यांवरूनच आली का?

असे पुष्कळ जण लिहितात आणि कथा इतकी जवळची आहे की मोह होतो. पण दोहोंत एक फरक आहे. मांडव्यकथेत चोर सुटत नाहीत, त्यांनाही शूलावर चढवले जाते. म्हणीचा सारा भर मात्र चोर सुटला यावर आहे. न्यायाच्या नावाने भलत्याचाच बळी देणाऱ्या 'अंधेर नगरी'च्या लोककथा या म्हणीला अधिक जवळच्या आहेत. त्यामुळे मांडव्यांची कथा म्हणीची बहीण आहे, आई नव्हे, असे मी म्हणेन. आज ही म्हण 'संन्याशाला फाशी' अशीही ऐकू येते. प्रश्न २ मध्ये सांगितलेला बदल इथे एका म्हणीच्या पोटात दिसतो.

गोमंतकीय वाचकांना या संदर्भात सत्तरीतील झर्मे गावचा शिमग्यातला चोरोत्सव आठवेल. चोर समजून निरपराध माणसांना मारले गेल्याची कथा त्यामागे सांगितली जाते आणि गडे, म्हणजे विधीत भाग घेणारे गावकरी, स्वतःला जमिनीत पुरून घेऊन ती स्मृती जागवतात. तिथल्या विधीचा अर्थ शब्दांच्या पलीकडचा आहे, पण म्हणीतली खंत आणि त्या विधीतली खंत एकाच जातीची आहे.

८. 'सुळावरची पोळी' म्हणजे काय?

मिळवायला गेले तर जीव धोक्यात घालावा लागेल अशी गोष्ट. पोळी आहे, ती दिसतेही आहे, पण ती सुळाच्या टोकावर ठेवलेली आहे. तिच्यापर्यंत पोहोचायचे तर त्या टोकावरच जावे लागते. तुकोबांच्या अभंगात 'भक्ति तें कठिण सुळावरील पोळी' असे चरण आहे आणि असा शूर विरळाच, असे ते पुढे म्हणतात. इथे सुळाऐवजी फाशी कल्पून पाहावी, म्हणजे चित्र कोसळते; दोरीवर पोळी ठेवता येत नाही. सूळ हा टोक असलेला खांब होता, हे सतराव्या शतकातील श्रोत्याला समजावून सांगावे लागत नव्हते, याचा हा प्रयोग म्हणजे सर्वांत बोलका पुरावा आहे.

९. 'फाशी' हा शब्द मग कुठला? आणि सोंगट्यांचा फासा त्याच्याशी संबंधित आहे का?

फाशीच्या मुळाशी 'फास' आहे आणि फासाचे नाते संस्कृतातील 'पाश' या शब्दाशी आहे. पाश म्हणजे दोरीचा सरकता वेढा. वरुणाच्या आणि यमाच्या हाती तो असतो. हा शब्द आधी शिकारीचा आणि नंतर शिक्षेचा झाला. फासेपारधी या नावात तो आपल्या मूळ धंद्यासह टिकून आहे. 'ई'पूर्वी 'स'चा 'श' होण्याची मराठीची सवय आहे, जसे म्हैस आणि म्हशी, म्हणून फास आणि फाशी.

सोंगट्यांचा फासा मात्र वेगळा आहे. तो 'पाशक' या शब्दापासून आला आणि त्याचा दोरीशी काही संबंध नाही. दोन वेगळे शब्द मराठीत येताना सारखे दिसू लागले, एवढेच.

१०. 'सुळी दिले', 'सुळीवर दिले', 'सूळावर दिले' यांपैकी शुद्ध काय?

'सुळी दिले' आणि 'सुळावर दिले' ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. सूळ हा पुल्लिंगी शब्द आहे. 'सुळी' हे त्याचे सप्तमीचे रूप आहे, जसे घर आणि घरी, दार आणि दारी. जुन्या लेखनात ते 'सुळीं' असे अनुस्वारासह लिहीत. 'सुळीवर'मध्ये सप्तमीच्या रूपाला पुन्हा 'वर' जोडले जाते. ते हिंदीतील 'सूली पर'च्या प्रभावाने आलेले दिसते आणि टाळलेले बरे. 'सूळावर' हे ऱ्हस्वदीर्घाच्या नियमात बसत नाही : फूल, फुलावर, मूल, मुलाला, तसेच सूळ, सुळावर. त्रिशूल हा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द असल्यामुळे 'त्रिशूलावर' यातील ऊकार दीर्घच राहतो.

११. येशूला सुळावर दिले असे लिहावे का?

लिहू नये. हा प्रश्न गोव्यातूनच अधिक येतो आणि ते साहजिक आहे, कारण इथे हिंदू आणि ख्रिस्ती परंपरांचे शब्द एकाच अंगणात नांदतात. येशूला उभ्या-आडव्या लाकडांवर खिळले होते, टोकावर चढवले नव्हते. मराठी बायबलात यासाठी 'वधस्तंभ' हा शब्द आहे आणि 'वधस्तंभावर खिळले' हाच रूढ प्रयोग आहे. मराठीतील 'क्रूस' आणि कोंकणीतील 'खुरीस' हे दोन्ही पोर्तुगीज 'क्रुझ'शी जोडलेले आहेत. वाटेकडेच्या पांढऱ्या खुरसाला आपण त्याच नावाने ओळखतो आणि चाळीस दिवसांच्या उपवासकाळात 'खुरसाची वाट' चालली जाते.

एक साम्य मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. नव्या करारात क्रुसासाठी आलेल्या ग्रीक शब्दाचा, 'स्तावरोस'चा, जुना अर्थ नुसता उभा रोवलेला खांब असा होता. आणि शुभवर्तमानातील येशू आपला क्रूस स्वतः वाहून नेतो, तसाच चारुदत्त आपला शूल खांद्यावर वाहतो (प्रश्न ५ पाहावा). दोन दूरच्या संस्कृतींनी शिक्षेच्या क्रूरतेत ही एकच भर घातली होती.

१२. पोर्तुगीज कागदपत्रांत 'फोर्का' येते. त्याचे भाषांतर सूळ करावे का?

करू नये. फोर्का म्हणजे फाशीचा सांगाडा. मूळ लॅटिन शब्द 'फुर्का' असा असून त्याचा अर्थ दोन दात्यांचे शेतीचे अवजार, किंवा बेचक्याच्या आकाराचे लाकूड. शिक्षेच्या साधनाला त्याच्या आकारावरून हे नाव मिळाले. आपल्याकडे टोकावरून सूळ, दोरीवरून फाशी आणि तिकडे बेचक्यावरून फोर्का, अशी तीन भाषिक निरीक्षणे तीन शब्दांत साठली आहेत. भाषांतरात 'फाशीचा खांब' किंवा 'फाशीचा सांगाडा' असे लिहावे.

१३. जुन्या गोव्यातील हातकातरो खांब हा सूळ होता का?

नव्हता. तो काळ्या दगडाचा घडीव खांब असून जुन्या मंदिराचा अवशेष मानला जातो. त्याला वर टोक नाही आणि दोरी अडकवण्याची तुळईही नाही. 'हातकातरो' या नावातच लोकस्मृती आहे : इथे बांधून हात कापले जात, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. पोर्तुगीज नगरांत चौकात दगडी खांब उभारण्याची प्रथा होती. त्याला 'पेलोरिन्यो' म्हणत. तो नगराच्या अधिकाराचे चिन्ह असे आणि अपराध्यांना त्याला बांधून फटके मारीत व लोकांपुढे उभे करीत. त्यामुळे सूळ, फोर्का आणि पेलोरिन्यो या तीन वेगळ्या वस्तू आहेत.

याच ओघात इन्क्विझिशनविषयी, म्हणजे धर्मश्रद्धेची चौकशी करणाऱ्या ख्रिस्ती न्यायालयाविषयीही विचारले जाते. गोव्यात ते १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधल्या अल्प खंडाचा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. त्यातील देहान्त शिक्षा जाळण्याची होती आणि दोषी ठरवलेल्या माणसाला त्यासाठी राजसत्तेच्या स्वाधीन केले जाई. तिथे 'सुळी दिले' असे लिहिणे हे त्या माणसांच्या यातनांचे चुकीचे वर्णन होईल. इतके सोसलेल्यांच्या बाबतीत निदान शब्द तरी अचूक असावा, असे मला मनापासून वाटते.

१४. गोव्यात फाशीची शिक्षा सलग चालू होती का?

नव्हती आणि हे अनेकांना नवल वाटते. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंटोंच्या कटानंतर १७८८ मध्ये १५ जणांना देहान्त शिक्षा झाली, तेव्हा फोर्का हा शब्द गोमंतकीयांसाठी अगदी खरा होता. पोर्तुगालने मात्र राजकीय गुन्ह्यांसाठी १८५२ मध्ये आणि सामान्य गुन्ह्यांसाठी १८६७ मध्ये ही शिक्षा रद्द केली. पोर्तुगीजांच्या १८८६ च्या दंडसंहितेतही ती नव्हती. म्हणजे १८९८ मध्ये दामोदर चाफेकर येरवड्यात फासावर गेले, तेव्हा सीमेअलीकडे गोव्यात सामान्य गुन्ह्याला फाशी नव्हती. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर यथावकाश भारतीय दंड संहिता लागू झाली आणि तिच्याबरोबर 'मरेपर्यंत फाशी' हा कायद्यातला शब्दप्रयोगही इथे आला.

१५. सुळका, सुळे दात, सल, सुळसुळ हे सारे एकाच घराण्यातले का?

सारे नाहीत. सुळका म्हणजे डोंगराचे उभे निमुळते टोक आणि सुळा म्हणजे अणकुचीदार दात. या दोन्हींत सुळाचा टोकदारपणा उघड दिसतो. 'सल' मात्र 'शल्य'पासून आला आहे. अंगात रुतून राहिलेले बाणाचे टोक म्हणजे शल्य, म्हणून मनात राहून गेलेली बोच म्हणजे सल. अर्थ जवळ आले तरी कुळे वेगळी आहेत. 'सुळसुळ' आणि 'सुळकन' हे ध्वनीवरून आणि हालचालीवरून झालेले शब्द आहेत.

१६. कडेलोट, हत्तीच्या पायी देणे यांनाही 'सुळी देणे' म्हणता येईल का?

लाक्षणिक अर्थानेही नाही. कड्यावरून लोटणे, हत्तीच्या पायी देणे, तोफेच्या तोंडी देणे, गर्दन मारणे या प्रत्येक शिक्षेला मराठीत स्वतंत्र शब्द आहे आणि बखरी वाचताना तो तसाच घ्यावा.

१७. आमच्या नाटकात सुळाचा प्रवेश आहे. रंगमंचावर तो कसा दाखवावा?

एकच उभा खांब, माणसाच्या उंचीहून थोडा अधिक, वरून निमुळता तासलेला, एवढे पुरे आहे. आडवी तुळई नको आणि दोरी तर मुळीच नको. माणूस त्यावर चढवलेला दाखवण्याची गरज नाही; राजाज्ञा होते, सेवक खांब आणून रोवतात आणि प्रकाश मंद होतो, एवढ्याने प्रेक्षक समजतो. चारुदत्तासारखा प्रसंग असेल, तर तोच खांब पात्राच्या खांद्यावर द्यावा. सुरुवातीला सांगितलेल्या तालमीत मुलांनी शेवटी हेच केले : वासा आणि सुंभ काढून टाकला, दोनांपैकी एक बांबू ठेवला आणि पडदा उघडण्याआधी कोयत्याने त्याचे टोक तासले. तासताना पडलेल्या ढलप्या त्या आजोबांनी स्वतः वेचून बाजूला केल्या, कारण प्रवेशात पात्रे अनवाणी येणार होती.